कोचच्या परिचयातलं पाचवं वाक्य

कोचचा परिचय मी लिहिला. कॉलेजच्या वेबसाइटवर, त्यांच्या फोटोशेजारी, इंग्रजीत, सहा वाक्यांचा. त्यातलं पाचवं वाक्य खोटं होतं. ते कोचनी सांगितलेलं नव्हतं आणि डीननीही घालायला लावलेलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं लिहिलं. त्या वाक्यापायी कोचची नोकरी गेली तेव्हा मी त्याच खोलीत, त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून, गप्प बसले होते.

एवढं आधी सांगून टाकते. नाहीतर कोचच्या गमती सांगता सांगता मी त्या वाक्यापर्यंत पोचणारच नाही. अकरा वर्षं मी असंच केलं. कोणी कोचचा विषय काढला की मी किटलीची गोष्ट सांगायचे, लोक हसायचे आणि विषय संपायचा.

किटलीची गोष्ट अशी. आमचं कॉलेज दुबईजवळच्या अजमानला. कॉलेजामागचं मैदान म्हणजे कुंपण घातलेली वाळू. बेसबॉलला मैदानावर रेघा लागतात, आणि चुना टाकला की दुपारच्या वाऱ्यानं तो पार्किंगमध्ये जाऊन बसायचा. कोचनी कॅन्टीनमधून ॲल्युमिनियमची किटली आणली आणि पाण्यानं रेघा मारायला सुरुवात केली. ओली वाळू काळपट दिसते. रेघ पंधरा मिनिटं टिकायची, की कोच पुन्हा किटली घेऊन निघायचे. सामना चालू असतानासुद्धा. वाकून, मागे सरकत सरकत, धार न तोडता. गेटवरच्या पेशावरच्या चाचांना पहिले काही दिवस वाटलं की ही यांची काहीतरी पूजा आहे. ते तेवढा वेळ रेडिओ बंद ठेवायचे.

आता अजमानमध्ये बेसबॉल कशाला, तर डीन अमेरिकेत शिकलेले. तिथल्या कॉलेजांत बेसबॉलचा संघ असतो, संघाला कोच असतो आणि वेबसाइटवर कोचचं पान असतं: कुठे शिकला, कुठे खेळला, कोणाला घडवलं. डीनना तसं पान हवं होतं. "क्रिकेट एव्हरीबडी हॅज," ते म्हणायचे. आमच्याकडे ग्रंथालय धड नव्हतं, पण कोचचं पान कसं दिसेल ते आधी ठरलं. मग कोच शोधला. खेळाडू सगळ्यात शेवटी आले.

कोच सापडले शारजातल्या एका शाळेत पी.टी. शिकवताना. मूळचे अकोल्याच्या पुढच्या एका गावचे. वऱ्हाडात मुलं बेसबॉल खेळतात हे मला, कोकणातल्या बाईला, कुठून ठाऊक असणार? विद्यापीठाच्या संघात ते चार वर्षं शॉर्टस्टॉप होते, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा, ज्याच्याकडे सगळ्यात जोराचे चेंडू येतात. मग बी.पी.एड. मग एका विनाअनुदानित शाळेत नऊ वर्षं, पुढच्या वर्षी अनुदान येईल या आशेवर. मग दुबई, रास अल खोरच्या घाऊक भाजीबाजारात खोकी उतरवून घ्यायचं काम. मग ती शाळा, आणि मग आमचं कॉलेज.

मी तिथे डीनच्या कार्यालयात होते. दारावर माझं आडनाव, डोक्यावर ओढणी. कोच पहिला महिनाभर माझ्याशी हिंदीत बोलले. एक दिवस मी फोनवर अम्मीशी बोलत होते आणि ते दारात येऊन उभे राहिले. फोन ठेवला तर म्हणाले, "ताई, तुम्ही मराठी?"

"रायगडची. म्हसळ्याजवळची. दहावीपर्यंत मराठी शाळा."

"मंग महिनाभर माह्या हिंदीचा मार काहून खाल्ला?"

"मला वाटलं, तुम्हाला तेवढंच येतं."

त्यांना इतकं हसू आलं की पलीकडच्या टेबलावरची केरळची मुलगी घाबरून उठली. त्या दिवसापासून ते माझ्याशी वऱ्हाडीत बोलायला लागले. खरं तर ते सगळ्यांशीच वऱ्हाडीत बोलायचे. संघात सुदानचे दोघं होते, फिलिपिनो तिघं, मलबारी, पाकिस्तानी, आणि एक अजमानचाच अरब मुलगा, जो सरावाला पांढराशुभ्र कंदुरा, म्हणजे अरबी पायघोळ झगा, घालून यायचा आणि गाडीत कपडे बदलायचा. कोचच्या बोलण्यात 'ळ'चा 'य' होई, पळ म्हणायचं तर "पय!" महिन्याभरात सगळा संघ एकमेकांवर "पय, पय बे!" असं ओरडायला लागला. तो अरब मुलगा अरबीतलं 'चला' जोडून "यल्ला, पय!" म्हणायचा. बाहेरच्या कॉलेजच्या मुलांना वाटायचं की हा कुठला तरी गुप्त इशारा आहे.

चामड्याचे ग्लोव्ह ते जवसाच्या तेलानं माखायचे आणि रात्री त्यात चेंडू घालून गादीखाली ठेवायचे. अकोल्याहून कोणी येणार असलं की लोणचं-पापड मागवण्याऐवजी जवसाचं तेल मागवायचे. उन्हाची तक्रार कोणी केली की म्हणायचे, "उन्हाले नावं ठेवू नका पोट्टेहो, हे ऊन आपल्या गावचं हाय." जून आला की मात्र त्यांनाही माघार घ्यावी लागे. मग कॉलेजच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, टेनिसच्या चेंडूनं सराव. चार खांब म्हणजे चार बेस.

मला त्यांनी स्कोअर लिहायला बसवलं. अक्षर चांगलं, हे एकच कारण. बेसबॉलच्या फळ्यावर तीन रकाने असतात: धावा, फटके आणि चुका. तिसऱ्या रकान्याचं मला नवल वाटलं. झेल सुटला तर सुटला, तो लिहून टांगायचा कशाला?

"हाच त एक खेय हाय ताई," कोच म्हणाले, "जो चूक फय्यावर लिहिते. बाकी सगये चेंडूले, मैदानाले, अंपायरले शिव्या देतात."

चूक कोणाची ते मी ठरवायचं नाही, असा त्यांचा नियम. ज्याची असेल त्यानं स्वतः टेबलापाशी येऊन सांगायचं. पोरं धापा टाकत यायची, "माय एरर, मॅडम," म्हणायची आणि परत पळायची. दोघांच्या मधून चेंडू गेला तर कधी कधी दोघंही यायचे, आणि कोणाची चूक मोठी यावरून माझ्यासमोर भांडायचे. कोच लांबून बघत असायचे, फार खूश.

एकदा तळघरात टेनिसच्या चेंडूऐवजी कोणीतरी खरा चेंडू काढला आणि डीनच्या गाडीच्या दाराला पोचा आला. कोचनी पोरांना घरी पाठवलं आणि स्वतः गाडीशेजारी उभे राहिले. डीन मीटिंगमध्ये होते. मी दोनदा खाली जाऊन आले.

"कोच, वर चला. चिठ्ठी ठेवा ना गाडीवर."

"चिठ्ठीले तोंड नसते ताई."

पावणेदोन तास, जुलै महिन्यात, त्या भट्टीत. डीन आले तेव्हा कोचच्या शर्टावर कोरडी जागा शिल्लक नव्हती. डीन चिडायचं विसरले आणि ड्रायव्हरला पाणी आणायला पाठवलं.

असा माणूस. आता ते वाक्य.

डीननी मला एका अमेरिकन कॉलेजच्या कोचचं पान नमुना म्हणून दिलं आणि तसंच हवं म्हणाले. कोच माझ्या टेबलासमोर बसले, मांडीवर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे. मी विचारत होते, ते सांगत होते, मी इंग्रजीत उतरवत होते. गाव, विद्यापीठ, शाळा. रास अल खोर मी गाळलं. त्यांनी दोनदा सांगूनही गाळलं. मग मी विचारलं, "भारताकडून खेळलात?"

"नाई. संघ निवडाचं शिबिर झालं होतं, तिथं बलावलं होतं. शिबिरात होतो, यादीत नव्हतो."

"शिबिर म्हणजे राष्ट्रीय संघाचंच ना?"

"हो. पन यादीत नव्हतो. तसं लिहा."

मी तसं लिहिलंही. मग ते गेल्यावर पुन्हा वाचलं. 'शिबिरात होते, यादीत नव्हते.' नमुन्याशेजारी ते फार केविलवाणं दिसत होतं. मला वाटलं, या माणसाला निवडायला हवं होतं. आणि इथे काय, ज्याच्या त्याच्या बायोडेटात दोन पायऱ्या जास्तच असतात, कोण बघतंय? मी लिहिलं की ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे सदस्य होते. दुसऱ्या दिवशी छापलेली प्रत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागायचा आणि बाहेर पोरं खोळंबली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, "सगळं बरोबर आहे." त्यांनी मराठीत सही केली.

तीन वर्षांनी आमच्याकडे चार कॉलेजांची स्पर्धा झाली. अंपायर म्हणून दुबईतले एक भारतीय गृहस्थ आले, तरुणपणी खरोखर भारताकडून खेळलेले. डीननी त्यांचा हात धरून त्यांना कोचसमोर नेलं: "युवर ओल्ड टीममेट!" गृहस्थ भले होते. त्यांनी कोचना मिठी मारली. मग डीनना म्हणाले, "शिबिरात बरोबर होतो आम्ही. संघात... नाही, संघात हे नव्हते." डीनचं हसू होतं तिथेच राहिलं.

सोमवारी चौकशी. डीन, एचआरच्या बाई, कोच, आणि इतिवृत्त लिहायला लॅपटॉप घेऊन मी. डीननी परिचयाचा कागद टेबलावर ठेवला.

"धिस इज युवर सिग्नेचर?"

"यस सर."

"अँड यू गेव्ह धिस इन्फर्मेशन?"

कोचनी कागद ओढून घेतला. पाचव्या वाक्याखाली बोट ठेवलं आणि एकेक शब्द लावत वाचलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी मान खाली घातली.

"यस सर," कोच म्हणाले. "साइन माही हाय. मीच बोललो असन."

कोच काय म्हणाले, असं डीननी मला विचारलं. मी भाषांतर केलं: "ही ॲडमिट्स इट." आणि तेच टाइप केलं.

माझ्या मिस्टरांची नोकरी जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. घरच्या सगळ्यांचा व्हिसा माझ्या नोकरीवर होता. मुलगी नववीत. ही कारणं खरी आहेत. त्या खोलीत ती मला पुरली, घरी पोचेपर्यंत पुरली नाहीत.

कोच पुन्हा रास अल खोरला गेले, त्याच बाजारात. मला ते कळलं होतं. शुक्रवारी रस्ता मोकळा असला तर अजमानहून तिथे जायला पाऊण तास लागतो. मी अकरा वर्षं गेले नाही. पहिली एक-दोन वर्षं भीती होती. नंतर, आता इतक्या उशिरा काय तोंड घेऊन जायचं, हे होतं. आणि ती नजर होती. मी तिचा एकच अर्थ लावला होता: ते मला संधी देत होते, आणि मी ती घेतली नाही.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं तिचा बायोडेटा मला वाचायला पाठवला. ती अबू धाबीला असते, अल रीम आयलंडवर. एका कामात तिनं मदत केली होती, तिथे तिनं स्वतःला प्रमुख केलं होतं. मी फोन करून म्हटलं, हे काढ.

"ममा, रिलॅक्स. एव्हरीवन डज इट."

तेव्हा मी तिला कोचची गोष्ट सांगितली. किटलीची नाही, ही. तिनं ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "सो, डिड यू टेल हिम?"

"नाही."

"इलेव्हन इयर्स, ममा?"

पुढच्या रविवारी सकाळी मी रास अल खोरला गेले.

कोच गोदामाच्या अंगणात होते. केस पांढरे, पाठ ताठ. पंधरा-वीस हमाल समोर उभे करून खोकं कसं उचलायचं ते दाखवत होते. "कमर से नहीं, घुटने से! नीचे बैठ, नीचे! बूड खाली घाल बे!" कोणी बिहारचा, कोणी नेपाळचा, दोघं-तिघं खानदेशातले. सगळे ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगत येणारा चेंडू, अडवायला बसल्यासारखे बसले होते.

मला बघून त्यांनी हात केला, जशी मी काल येऊन गेले होते. "ताई! लठ्ठ झाल्या थोड्या." कोपऱ्यातल्या पत्र्याच्या केबिनमध्ये नेलं, कागदी कपांतून करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा मागवला, मुलगी काय करते, मिस्टर कसे आहेत विचारलं. मी घरून वाक्यं जुळवून आले होते. त्यातलं एकही आठवेना.

"कोच, ते वाक्य माझं होतं," मी म्हटलं. "परिचयातलं. तुम्ही शिबिर म्हणाला होतात. संघ मी लिहिलं. आणि चौकशीत मी गप्प बसले."

कोचचा कप ओठांपाशी थांबला.

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

"मी शिबिर म्हटलं होतं?"

"शिबिरात होतो, यादीत नव्हतो. असंच म्हणाला होतात. दोनदा. 'तसं लिहा' असंही म्हणाला होतात."

"नक्की?"

"कोच, मी ते आधी तसंच लिहिलं होतं. नंतर बदललं."

त्यांनी कप खाली ठेवला. 

"मले वाटे, मीच बोललो," ते म्हणाले. "त्या शिबिराहून आलो अन् कित्येक वर्सं झोपेत संघाचा शर्ट घालून खेयत होतो ताई. माह्या लग्नात मामेसासऱ्यानं पाव्हण्यांले सांगतलं, जावई इंडियाकडून खेयला. मी नाई म्हटलं नाई. त्या एका दिवशी गोड वाटलं. म्हून मले वाटलं, तसंच तुमच्यासमोर जिभेवरून गेलं असन. त्या खोलीत मी तुमच्याकडे पाह्यलं न, ते हेच विचाराले. मी बोललो का? तुम्ही मान खाली घातली. म्हटलं, ताईले माही लाज वाटून राह्यली. म्हंजे बोललोच."

हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांची नोकरी घालवली एवढंच मी अकरा वर्षं वाहत होते.

कोच उठले आणि बाहेर गेले. काचेतून दिसत होतं: कांद्याच्या पोत्यांच्या थप्पीला एक फेरी, मग दुसरी. फोर्कलिफ्टवाल्यानं हॉर्न वाजवला तर त्याच्यावर ओरडले. तिसऱ्या फेरीनंतर आत आले.

"लय राग आला तुमचा."

"येऊ द्या."

"दहा-पंधरा मिनिटं राहीन. मंग जाईन. तोवर बोलू नका माह्याशी."

मी बोलले नाही. आम्ही समोरासमोर बसून राहिलो. किती मिनिटं झाली माहीत नाही, पण त्यांनी एकदम खिशातून फोन काढला आणि गावी बायकोला लावला. स्पीकरवर.

"ऐक. कॉलेजातल्या ताई आल्या. त्या काय म्हणतात ते ऐक." आणि फोन माझ्यासमोर धरला. "सांगा हिले. मले सांगतलं तसंच सांगा."

मी तिसऱ्यांदा सांगितलं. पलीकडे एक बाई, मी कधीही न पाहिलेली, मोठ्यानं रडायला लागली, आणि रडता रडताच भांडायला लागली.

"मी म्हनत होती का नाई! हे मानूस असं बोलनारच नाई! पन ऐकते कोन? म्हने, तू नव्हती तिथं, मी बोललो असन. अकरा वर्सं बाई, अकरा वर्सं खेयाचं नाव नाई काढलं घरात. नातू विचारे, आबा तुमी काय खेयत होते, तर म्हने काई नाई, पी.टी. मास्तर होतो. तुमाले येक फोन नाई कराता आला? बोटं झडली होती का?"

"नाही करता आला," मी म्हटलं. "माझी चूक झाली वहिनी."

"चूक काय म्हनता! चूक!"

कोच म्हणाले, "अवं, जाऊ दे न."

"तुमी गप बसा! मले बोलू द्या!"

त्या बोलल्या. सात-आठ मिनिटं तरी बोलल्या. मी खाली मान घालून ऐकत होते, आणि खरं सांगते, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्यातला एक शब्दही जास्तीचा नव्हता. शेवटी त्या दमल्या आणि म्हणाल्या, "आता हे सगळं लिहून पाठवा. मराठीत. त्या इंग्रजीवर माहा भरवसा नाई." म्हणून हे लिहिलं आहे. डीन केव्हाच मायदेशी गेले आणि कॉलेजची वेबसाइट दोनदा बदलली, तरी तिथेही पत्र पाठवलं आहे. पण आधी हे.

फोन ठेवला आणि चहाची सुट्टी झाली. हमाल केबिनच्या सावलीत येऊन बसले, पालथ्या क्रेटवर, पोत्यांवर. कोच दारात उभे राहिले. मग एकाच्या हातातला टोमॅटो घेतला, बोटं बेसबॉलच्या शिवणींवर ठेवावीत तशी त्याच्यावर ठेवली आणि विचारलं, "बेसबॉल मालूम है क्या किसी को?"

कोणालाच नव्हतं. कोचनी पहिल्यापासून सुरुवात केली. शिबिर कुठे होतं, पहाटे कसे उठवायचे, राजस्थानच्या एका डावऱ्याचा चेंडू कसा वळायचा, आणि एकदा कोच आडवे झेपावले तेव्हा कोपराचं साल कसं गेलं ते बाही वर करून दाखवलं. बिहारचा एक पोरगा तोंडातली पोळी चावायची विसरला होता.

"तो साब," त्यानं विचारलं, "आप इंडिया से खेले?"

"नहीं रे," कोच म्हणाले. "सोलह लोग लिए. मैं सत्रहवां था." आणि छाती काढून पुन्हा म्हणाले, "पूरे देश में सत्रहवां!"